दहाच्या वजनावरची फरसबी

ऑर्फा टॉलिव्हरने एकदा तरी सुनावलं नाही असं माणूस आमच्या खोऱ्यात शोधून सापडायचं नाही. पास्टरना तिने प्रार्थना लांबवण्यावरून झापलं होतं, टपालवाल्याला फाटक उघडं टाकल्यावरून. प्लमच्या झाडाखाली आलेल्या अस्वलाला तर केरसुणी उगारून अशी काही बोलली, की ते बिचारं त्या वर्षी परत फिरकलं नाही. अस्वलाला निदान जायला डोंगर होता. घरच्यांनी कुठे जावं?

घरचे म्हणजे नवरा एल्डन आणि दोन मुली, चौदा वर्षांची केझाया आणि आठ वर्षांची टिर्झा. सहा वर्षांपूर्वी ही मंडळी इलिनॉयच्या सपाट, मक्याच्या मुलखातून मोंटानात, आमच्या डोंगरात आली. जग नासलंय, तेव्हा पोरींना त्यापासून लांब वाढवायचं. आपलं पिकवायचं, आपलं खायचं, घरीच शिकवायचं आणि बाकी देवावर सोडायचं, असा बेत. असा बेत करून इथे येणारे पुष्कळ, आणि दोन हिवाळ्यांत त्यातले निम्मे परत जातात. ऑर्फा टिकली. हे कौतुक म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. चाळीस एकरांतले तीस एकर नुसता खडक. उरलेल्या दहांतून ती बाई दर ऑगस्टात चारशे काचेच्या बरण्या भरते. फरसबी, टोमॅटो, प्लम, सफरचंदं, लोणची, सगळं शिजवून, झाकणं बसवून तळघरात. पुढचे सहा महिने घर त्यावर चालतं.

चर्चमधल्या बायकांना सहा-सहा, आठ-आठ मुलं. ऑर्फाला दोन. त्याचं उट्टं ती बरण्यांवर काढते, असं तिची जाऊ डार्ला म्हणायची. डार्ला म्हणजे एल्डनचा थोरला भाऊ मर्ल याची बायको, कुरणापलीकडेच तिचं घर. ती गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसते, तिची मुलं पिवळ्या बसने सरकारी शाळेत जातात, आणि तिच्या फडताळात दुकानातले डबे असतात. यातली कुठलीही एक गोष्ट ऑर्फाला भांडायला पुरली असती. इथे तर तिन्ही होत्या.

त्या सोमवारी फरसबी काढली. तिघींनी मिळून सात बादल्या खुडल्या. देठ काढा, मोडा, धुवा, बरणीत ठासा, वर उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, झाकण. मग सात बरण्या मावतील एवढा मोठा कुकर. त्याच्या झाकणावरच्या नळीवर वजन ठेवायचं. वजनाचे तीन तुकडे असतात. मधला ठोकळा पाच पौंडांचा दाब धरतो. त्यावर एक चकती चढवली की दहा, दुसरीही चढवली की पंधरा. ऑर्फा एकच चकती चढवायची. भिंतीवर तिच्या कैलासवासी आईच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती, तेलकट, कडा पिवळ्या पडलेली. फरसबी, दहा पौंड, पंचवीस मिनिटं. त्या घरात बायबलच्या खालोखाल मान त्या चिठ्ठीचा. दुसऱ्या चकतीला काही कामच नव्हतं, म्हणून ती टेबलावरच्या मोठ्या बायबलवर ठेवलेली असायची, खिडकीतल्या वाऱ्याने पानं उलटू नयेत म्हणून.

शाळाही त्याच टेबलावर. टिर्झा शेंगा मोडता मोडता वचनं पाठ म्हणायची आणि मधेच गणित यायचं.

"सात बरण्यांचे आठ घाणे. किती?"

"छप्पन्न."

"मग बोटं कशाला हलवतेस?"

"शेंगा मोडतेय आई."

"तोंड चालव. बोटं शेंगांवर ठेव."

केझाया, म्हणजे केझी, गप्प असायची. वर्षभरात ती फार गप्प झाली होती, आणि ऑर्फाला ते वळण लागल्यासारखं वाटत होतं. तक्रार एकच. चर्चमधल्या बायकांपुढे ती चारचौघींत सांगायची, "हिला ग्रीक मुळाक्षरं येतात, वर्गमुळं येतात. पण साध्या शेंगा गरम करता येत नाहीत. लापशी करते, लापशी!" खोटं नव्हतं ते. गेल्या हिवाळ्यात फरसबी गरम करायचं काम केझीने आपणहून मागून घेतलं होतं, आणि दर वेळी बरणीतल्या चांगल्या हिरव्या शेंगा उकळून उकळून राखेच्या रंगाच्या करून ती ताटात वाढायची. ऑर्फाने सांगून बघितलं, ओरडून बघितलं. मग शिक्षा लावली. मुलांनी आईबापाचं ऐकावं या अर्थाचं वचन, वहीत पन्नास वेळा. मार्चपर्यंत दोन वह्या भरल्या. फरसबी काही सुधारली नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय, असं ऑर्फा म्हणायची.

मंगळवारी दुपारी ती बारा बरण्या खोक्यात घालून जावेकडे गेली. हे दर वर्षीचं. देणं कमी आणि दाखवणं जास्त.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या मुलांना वर्षातून एकदा तरी जमिनीतून आलेलं खाऊ दे."

"डब्यातली काय झाडाला डबा लागून येते?" डार्लाने खोकं घेतलं.

"कुणाच्या जमिनीतली ते तरी माहीत आहे का तुला?"

"नाही बाई. पण त्या माणसाने मला कधी त्यावरून ऐकवलंही नाही."

ऑर्फाने ते कानाआड केलं. "रविवारी चर्चच्या जेवणाला सॅलड तूच करणार ना? त्यात हीच घाल. गेल्या वर्षी सगळे विचारत होते, शेंगा कुणाच्या म्हणून. घरची शेंग जिभेला कळते."

"कळते ना," डार्ला हसली. "अगदी लगेच कळते. करते दर वर्षीसारखं. कांदा, व्हिनेगर, साखर, थंडगार."

ते हसणं ऑर्फाला आवडलं नाही. पण जावेचं काही आवडलंच पाहिजे असा नियम तिच्याकडे नव्हता. ती परत आली आणि टोमॅटोला लागली.

गुरुवारी विज्ञान होतं. धडा पाण्याचा. चर्चच्या मंडळींनी निवडून दिलेलं पुस्तक, म्हणजे त्यात वावगं काही नसणार, ही ऑर्फाची खात्री. टोमॅटोच्या बरण्यांसाठी मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतंच. तिने पाकाचा थर्मामीटर टिर्झाच्या हातात दिला.

"पाणी किती अंश फॅरनहाइटला उकळतं?"

"दोनशे बारा."

"बुडवून बघ. देवाने जगाला नियम घालून दिलेत ते कळू दे तुला."

टिर्झा स्टुलावर चढली, बुडवला, जीभ बाहेर काढून बघत राहिली. "दोनशे सहा."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. ढवळून बघितलं. दोनशे सहा. आणि आई, इथे खाली बारीक अक्षरात लिहिलंय, उंच डोंगरावर पाणी कमी तापूनच उकळतं. आपण डोंगरावर राहतो ना गं?"

मोरीपाशी केझीच्या हातून बरणी निसटली आणि फुटली.

"हात आहेत की लाकडं?" ऑर्फा कडाडली. "गोळा कर. काच राहिली तर तुझ्याच पायात जाईल. आणि तो थर्मामीटर बिघडलाय. ठेव तो."

केझीने काच गोळा केली. एकदा तिने मान वर करून आईकडे बघितलं, मग भिंतीवरच्या चिठ्ठीकडे.

थर्मामीटर बिघडलाय हे ऑर्फाने इतक्या जोरात सांगितलं, की त्यावर विश्वास बसला नाही तो फक्त तिचाच. शुक्रवारी दुपारी मुली कोंबड्यांकडे गेल्यावर तिने चीज करताना वापरायचा दुसरा थर्मामीटर काढून उकळत्या पाण्यात बुडवला. दोनशे सहा. मग फडताळाच्या तळातून कुकरबरोबर आलेली पुस्तिका काढली. ही तिने आजवर वाचली नव्हती. आईची चिठ्ठी असताना कुकरवाल्यांनी तिला काय शिकवायचं? एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. कुणी दुमडला, हा प्रश्न तिला त्या वेळी पडला नाही. त्या पानावर तक्ता होता. समुद्रापासून एक हजार फूट उंचीपर्यंत दहा पौंड. त्यावर पंधरा. आमचं खोरं तीन हजार चारशे फुटांवर आहे. चर्चच्या वाटेवर तशी पाटीच आहे, आणि सहा वर्षं दर रविवारी ही बाई त्या पाटीखालून जातेय.

खाली आणखी लिहिलं होतं. दाब कमी पडला तर उष्णता कमी पडते, आणि शेंगेतला एक जंतू मरत नाही. बंद बरणीत तो विष धरतो. वास येत नाही, चव बदलत नाही. आधी एकाचे दोन दिसू लागतात, जीभ जड होते, मग श्वास थांबतो.

पहिल्यांदा तिला राग आला. पुस्तिकेचा आला, टिर्झाच्या तीक्ष्ण डोळ्यांचा आला, आणि मग जिचा कधी आला नव्हता त्या आईचा आला. इलिनॉयच्या सपाटीवर बसून चाळीस वर्षं दहा दहा करत राहिली, एका ओळीत लिहायचं नाही का की सपाटीवर? पण मेलेल्या माणसाला किती झापणार. राग ओसरल्यावर खाली जे होतं ते तिला दिसलं. सहा हिवाळे तिने आपल्या हाताने पोरींच्या ताटात काय वाढलं होतं? देवाने राखलं, ती मोठ्याने म्हणाली. आणि लगेच दुसरं आठवलं. डार्लाचं सॅलड. न शिजवता, थंड. चर्चमधली साठ माणसं, त्यांतली निम्मी लहान मुलं.

हे तिला शुक्रवारी दुपारी कळलं, आणि ही बाई शनिवारी दुपारपर्यंत कुरण ओलांडून गेली नाही. हे मी झाकणार नाही. साठ जिवांचा प्रश्न होता आणि ती एक दिवस घरात खोटं शोधत बसली होती. उंदीर पडला म्हणावं का? काच तडकली म्हणावं का? डार्लापुढे जाऊन चुकले म्हणण्यापेक्षा उंदीर बरा, असं तिला खरोखर वाटत होतं. रात्रभर प्रार्थना केली तीही काहीतरी चांगली सबब सुचावी म्हणून. देवाने ती ऐकली नाही.

ती गेली तेव्हा डार्लाच्या टेबलावर सॅलडचं मोठं भांडं तयार होतं. वर कांद्याच्या चकत्या.

"कालवलंस?" ऑर्फाने विचारलं.

"सकाळीच. मुरायला नको?"

"फेक ते."

"का गं?"

"झाकणं खराब निघाली."

"सगळी?"

"सगळी. ती... ती पेटीच खराब होती."

डार्लाने हात पुसले. "ऑर्फा, खोटं बोलायला सराव लागतो. तुला नाहीये. खरं सांग."

ऑर्फा खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "दहावर केली," ती म्हणाली. "इथे पंधरा लागतात. सगळी दहावर केली. सहाही वर्षं." असं तिने आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागलं ते जावेला.

डार्ला हसली नाही. तिने मागचं दार उघडलं आणि ऑर्फाला सरपणाच्या खोपटात नेलं. ताडपत्री उचलली. खाली खोकी होती, सहा, एकावर एक. यंदाच्या बरण्या, गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या. एकही उघडलेली नव्हती. कुणाला चुकून द्यायला नकोत आणि तुला फेकलेल्या दिसायला नकोत म्हणून इथे, असं डार्ला म्हणाली.

"मग ते सॅलड?"

"दुकानातले डबे. यंदाचे, गेल्या वर्षीचे, सगळेच. घरची शेंग जिभेला कळते म्हणालीस ना?"

ऑर्फाच्या कानशिलांना आग लागली. "तुला माहीत होतं."

"पहिल्याच ऑगस्टात सांगितलं तुला. चर्चच्या पायऱ्यांवर. ऑर्फा, इथे पंधरा लागतात म्हटलं. आठवतं काय म्हणालीस?"

आठवत होतं. डबे फोडणाऱ्या बाईने मला चूल शिकवू नये, असं म्हणाली होती. चार बायका हसल्या होत्या, आणि तिला ते फार आवडलं होतं.

"मग मीही मूग गिळून बसले," डार्ला म्हणाली.

"आणि माझ्या पोरी? त्या मेल्या असत्या म्हणजे? तेव्हाही मूग गिळून बसली असतीस?"

आता डार्लाचा चेहरा उतरला. "ते पाप माझं. नाही म्हणत नाही. मर्लला म्हटलं भावाला सांग, तर तो म्हणाला त्यांच्या घरात मी तोंड घालणार नाही. तुझ्या घराच्या धुराड्याकडे मी रोज बघायचे, धूर येतोय ना म्हणून. जानेवारीत केझी आली, तेव्हा कुठे जिवात जीव आला."

"केझी? इथे?"

"मांडीएवढ्या बर्फातून चालत. तिने ती पुस्तिका वाचली होती. विचारत होती, बरणी उघडल्यावर काही करता येतं का. मी आमच्या शाळेतल्या बाईंना फोन लावून विचारलं. हो, त्याच नासक्या शाळेतल्या. त्या म्हणाल्या, फेकणंच बरं. पण खायचीच तर आधी खळखळ उकळा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, एक मिनिट कमी नाही. मी केझीला म्हटलं, अगं, त्यापेक्षा आईला सांग. तर म्हणाली, विचारून बघितलं काकू."

ऑर्फाला तेही आठवलं. नाताळच्या आधी, ह्याच पोरीने चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारलं होतं, आई, आजीने ही इलिनॉयमध्ये लिहिली ना? आणि ती म्हणाली होती, चिठ्ठीला गाव नसतं, कामाला लाग.

"देवाने राखलं आम्हाला," ऑर्फा पुटपुटली.

"राखलं ना," डार्ला म्हणाली. "पण घड्याळ लावून राखलं."

ऑर्फा कुरणातून परत निघाली. दोन वह्या, तिने हिशेब केला, शंभर पानं, प्रत्येक पानावर तेच वचन. आणि दर वेळी लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा शेगडीपाशी. चर्चच्या बायका हसायच्या तेव्हा केझी तिथेच ताटं लावत असायची. तिला लाज वाटली, आणि ही लाज डार्लापुढे वाटली त्याहून वेगळी होती. डार्लापुढची रागात बुडवता येत होती. ही कशातच बुडेना.

स्वयंपाकघरात केझी एकटीच होती. शेगडीवर पातेलं, त्यात फरसबी, पाणी वर उसळत होतं. शेजारी चावीचं घड्याळ. आईची पावलं ऐकून ती दचकली आणि तिने घड्याळ डब्यामागे सरकवलं. मग लक्षात आलं असावं की उशीर झालाय. पातेल्यातल्या शेंगांचा रंग गेलाच होता. तिने फडक्याला हात पुसले.

"वही आणू?" ती म्हणाली. "किती वेळा?"

ऑर्फा टेबलापाशी गेली. बायबलवरची चकती तिने उचलली, तशी पानं फडफडून उलटली, आणि तिने ती उलटू दिली. चकती नेऊन कुकरच्या वजनावर चढवली, पहिलीवर दुसरी. बरोबर बसली. केझी तिच्या हाताकडे बघत होती.

"किती झाली?" ऑर्फाने विचारलं.

केझीने डब्यामागचं घड्याळ पुढे आणलं. "अकरा मिनिटं."

"पंधरा होऊ दे."

दोघी शेगडीपाशी उभ्या राहिल्या. चौथं मिनिट भरल्यावर केझीने आईकडे बघितलं, आणि ऑर्फाने मान हलवल्यावरच गॅस बंद केला.

"सोमवारी तळघरातली सगळी ओतायची," ऑर्फा म्हणाली. "उद्या रविवार आहे. सोमवारी. आणि तक्ता तू वाचायचा, मी वजन ठेवीन."

"बरं आई."

जेवताना एल्डनने काट्याने फरसबी उचलून बघितली. तिचा लगदा काट्यातून ताटात पडला. त्याने टिर्झाला डोळा मारला. "काय केझीबाई, आज पण लापशी?"

टिर्झा हसायला लागली. केझीने मान खाली घातली.

"गप जेव," ऑर्फा म्हणाली. "बरोबर शिजवलीय तिने." आणि तिने पुढे होऊन आपल्या ताटात आणखी वाढून घेतली.